तांदळाच्या ताटात केरसुणी

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा दोष तरी कोणाला द्या! पनवेलच्या घरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आले, लक्ष्मीपूजन झालं आणि सासूबाईंनी पितळी ताटात तांदूळ पसरून ते आमच्या ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी बोटातली अंगठी काढली आणि तांदळात माझं नवं नाव लिहिलं. ह्यांचं अक्षर आधीच दिव्य, त्यात तांदूळ जाडा. मला ते वाचताच येईना. शेजारी बसलेल्या वन्संनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीने, मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं की आजपासून मी कोण. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. सासूबाईंनी ताट उचललं आणि तांदूळ पुन्हा डब्यात ओतले. वाया कशाला घालवायचे! दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातल्या तांदळाचा भात झाला आणि मी तो वरण घालून जेवले.

नाव वन्संनी निवडलं होतं. ह्यांच्या नावाशी जुळणारं हवं, असं त्यांचं म्हणणं. माझं माहेरचं नाव त्यांना का चालत नव्हतं त्यालाही कारण होतं. माझे वडील उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडायचे. मी पोटात असताना मोठं वादळ झालं, आणि एक जुनी लाकडी लाँच, जिची सगळ्यांनी आशा सोडली होती, ती डुलत डुलत धक्क्याला परत लागली. वडिलांनी तिचं नाव मला ठेवलं. "ती बुडली नाय, आमची पोरपन बुडायची नाय," असं ते तिकीट फाडता फाडता उतारूंना सांगायचे. माझ्या नावाचं मूळ हे असं, डिझेलच्या वासाचं. वन्संना ते कळलं तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला होता. वास त्यांना पनवेलपर्यंत आला असावा.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. इतकी वर्षं कोणी वापरलं नाही, आता उगाच सगळ्यांच्या हाती कशाला द्या. नवंही लिहिणार नाही, कारण ते मला आवडत नाही.

आणि गंमत बघा. एवढ्या सोसाने ठेवलेलं नवं नाव, पण त्या नावाने हाक कोण मारतं? हे मला "अगं" म्हणतात. फारच लाडात आले तर "अगं, ऐकलंस का." मुलगा आई म्हणतो. आता राहतो त्या रोडपालीच्या सोसायटीत मी काकू, भाजीवाल्याची भाभी, आणि उरणहून मासे घेऊन येणारी कोळीण "गो बाय" म्हणून दार वाजवते. नव्या नावाने हाक मारतात त्या एकट्या वन्सं. जुन्या नावाने हाक मारायचे ते वडील. मी माहेरी गेले की धक्क्यावरूनच ओरडायचे, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, आणि मी तिथूनच ओ द्यायची. ते गेले आणि ते नाव कोणाच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

हे सगळं मी गिळून बसले होते. संसारात काय काय गिळतो आपण, त्यात एक नाव. मग माझ्या मुलाने चिनी मुलगी पसंत केली.

चिनी म्हणजे कुठली, तर पनवेलची. तिचे पणजोबा कधीतरी बोटीने मुंबईला आले, आजोबा पुढे सरकत पनवेलला आले आणि बाजारपेठेत दातांचा दवाखाना थाटून बसले. पाटीवर एक भलामोठा दात रंगवलेला. आजोबांनी आमच्या आधीच्या पिढीचे दात उपटले, वडिलांनी आमचे, आणि ही रीतसर दंतवैद्य होऊन आता आमच्या मुलांचे वाचवते. मराठी माझ्या मुलापेक्षा बरी बोलते. तरी लग्न ठरल्यावर जो नातेवाईक येई तो तिला हळू, मोठ्या आवाजात, तोडून तोडून विचारी, "इंडिया... आवडला का?" ती म्हणायची, "अजून पाहायचाय. पनवेलच संपत नाही."

दुसरा ठरलेला विनोद म्हणजे, "मग काय, आता घरी रोज चायनीज!" प्रत्येकाला वाटे आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. त्या पोरीने नाक्यावरच्या गाडीवरचं मंचुरियन पहिल्यांदा कॉलेजात खाल्लं आणि तिला ॲसिडिटी झाली. तिच्या घरी भात आणि मांदेली करतात. पण हसायची बिचारी. करोनाच्या दिवसांत ह्याच गावात लोकांनी तिला काय काय नावं ठेवली ते तिने मला नंतर सांगितलं, तेव्हा मला ह्या विनोदांची किळस आली.

माझी आणि तिची पहिली भेट तिच्या खुर्चीत झाली. दाढ दुखत होती, मुलगा म्हणाला, ओळखीचं आहे, चल. ओळख कसली ते मात्र सांगितलं नाही. मी आ वासून पडलेली, तोंडात नळी, आणि ती वर वाकून म्हणते, "काकू, आता जरा दुखेल, पण नंतर बरं वाटेल." सासूचे दात आधी मोजून घेऊन मग घरात आलेली बहुधा ती एकटीच सून असेल.

तर बैठक आमच्या घरी ठरली. तिचे आईवडील मिठाई घेऊन आले. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे वन्सं अजून बोलल्या नव्हत्या. चहा झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "नाव मी ठरवून ठेवलंय. शोभतं अगदी ह्याच्या नावाला." आणि ते सांगितलंही. खरंच शोभत होतं. एका दुकानातून जोडीने आणल्यासारखं.

मुलगी म्हणाली, "मला नाव आहे, आत्या."

"ते शाळेतलं ना? दवाखान्याच्या पाटीवरचं? ते आपण बदलू."

"ते खुशाल बदला. ते माझं नाहीच." तिचा आवाज चढला नव्हता, पण कपातला चमचा वाजत होता. "पहिलीत बाईंना माझं नाव म्हणता येईना. त्यांनी सोपं पडावं म्हणून एक मराठी नाव दिलं, मला न विचारता, हजेरीच्या वेळी. ते चिकटलं ते चिकटलं. आजोबांनी ठेवलेलं नाव निराळं आहे. घरात तेवढंच वापरतात. लग्नात लिहायचं असेल तर तेच लिहा."

मग मिठाईच्या खोक्याचं झाकण उलटं करून तिने बॉलपेनने ते लिहून दाखवलं. चिनी अक्षरांपैकी तिला एवढं एकच लिहिता येतं, हे तिनेच हसत सांगितलं. ते असं दिसतं: 慧. उच्चार मी लिहीत नाही, कारण मी केला की तिची आई अजून हसते.

आम्ही सगळे खोक्याभोवती वाकलो. मला तर ते जाळीच्या खिडकीसारखं वाटलं. ती बोट ठेवून सांगू लागली. वर ह्या शेजारी शेजारी दोन जुड्या आहेत, काटक्यांच्या. त्यांच्याखाली हा आडवा आहे तो हात, जुड्या धरलेला. काटक्या आणि हात मिळून झाली केरसुणी. आणि सगळ्यांत खाली हे थेंब थेंब आहेत ते काळीज. केरसुणीने झाडून लख्ख केलेलं काळीज, म्हणजे शहाणपण. निदान तिचे आजोबा तरी तिला असं समजावून सांगायचे. तिकडे मुलींच्या नावात हे अक्षर पुष्कळ घालतात. तिचे वडील म्हणाले, बौद्ध पोथ्या चिनी भाषेत नेल्या तेव्हा आपल्या 'प्रज्ञा' ह्या शब्दासाठी तिकडच्या भिक्षूंनी हेच अक्षर घेतलं.

भिक्षू, पोथ्या, प्रज्ञा, सगळं वन्संच्या डोक्यावरून गेलं. "ह्यात केरसुणी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तांदळाच्या ताटात केरसुणी? अन्नात?"

आमचे हे मिठाईकडे बघत होते. वन्संनी मग तोडगा काढला, अर्थ जर शहाणपण असेल तर त्याच अर्थाचं आपलं चांगलं मराठी नाव ठेवू, तुझंही राहील आणि आमचंही. मुलगी म्हणाली, "आत्या, अर्थ कोणाचाही असतो. नाव माझं आहे. एकदा बदलून झालंय, आता परत नाही. बदलणार असाल तर मी त्या ताटासमोर बसणार नाही."

वन्संही कमी नाहीत. नाव बदललं नाही तर नामकरण कसलं, नामकरण नाही तर लक्ष्मीपूजन अर्धवट, आणि अर्धवट पूजेला त्या उंबऱ्यावर उभ्या राहणार नाहीत. माझ्या मुलाला लहानपणी त्यांनीच सांभाळलेला, मी नोकरीला जायची तेव्हा. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मी त्याच्या बापाकडे बघितलं. बापाने बर्फी उचलली.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. लिफ्ट बंद पडली की ते लिफ्टमधले जाणकार, पाणी गेलं की पाण्यातले. वन्संनी त्यांना चिनी भाषेचे जाणकार म्हणून नेमलं. ते मोबाइल घेऊन आमच्याकडे आले आणि चहाची वाट न बघता सुरू झाले. "मी अभ्यास केला. त्या अक्षरातल्या केरसुणीला मनावर घेऊ नका. चिनी अक्षरात बहुतेक वेळा एक तुकडा अर्थाचा असतो आणि एक आवाजाचा. इथे अर्थ काळजाचा. केरसुणी आहे ती नुसती आवाजापुरती. तशी विद्वानांची मतं आहेत."

"विद्वान पुरुष असणार," मी म्हणाले.

"का हो?"

"केरसुणी आवाजापुरती असते हे दुसऱ्या कोणाला वाटेल? आवाज आला की पाय वर घ्यायचे, एवढाच तुमचा तिच्याशी संबंध."

आमचे हे पेपर वाचत होते. 'पाय वर' एवढं कानावर गेलं आणि त्यांनी सवयीने पाय वर घेतले.

जाणकारांना हसू आलं नाही. त्यांच्याकडे अजून एक शोध शिल्लक होता. "पण एक गोष्ट आहे. काळीज काढून वरचा तुकडा सुटा घेतला, तर तो आकाशातल्या एका ताऱ्याच्या नावात येतो. केरसुणीचा तारा. आपण शेंडेनक्षत्र म्हणतो, धूमकेतू. तिकडेही तो अशुभच. बाईला केरसुणीचा तारा म्हणणं म्हणजे तर शिवी. जाईल त्या घराचं वाटोळं करणारी."

वन्संचा चेहरा उतरला. "म्हणजे आपल्याकडची पांढऱ्या पायाची," त्या म्हणाल्या.

हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सासऱ्यांचा कारखाना बंद पडला. मी आत पोळ्या लाटत होते आणि बाहेरच्या खोलीत कोणीतरी हळूच हा शब्द म्हणालं. हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतपत. मी खाली माझ्या पायांकडे बघितलं होतं. धक्क्यावर अनवाणी वाढलेले, काळेसावळे पाय, पांढरे कुठून असणार! पण तेव्हा मी नवी होते आणि पोळी करपत होती.

"नाय," मी म्हणाले.

मोऱ्याचा 'नाय' होता तो. ह्या घरात आल्यावर वन्संनीच तो घासूनपुसून 'नाही' करून घेतला होता. इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे. "नाय. ह्या घरात त्या पोरीला हा शब्द कोनी लावायचा नाय. मला लावलात तेवढा पुरे झाला."

ह्यांनी पेपर खाली केला. जाणकारांनी मोबाइल खिशात घातला. वन्सं बघतच राहिल्या, जणू कपाट बोललं.

एकदा तोंड उघडलंय तर बोलूनच घ्यावं म्हणून मी पुढे म्हणाले, "वन्सं, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडता तुम्ही?"

त्यांनी पदर सारखा केला.

"बाजारातून हौसेने काय आणता? हळदकुंकू कोणाला वाहता? गेल्या दिवाळीत चुकून माझा पाय लागला, तर माझं बखोट धरून मला नमस्कार करायला लावलात, तो कोणाला?"

"ती लक्ष्मी असते," वन्सं पुटपुटल्या.

"मग ताटातली पण लक्ष्मीच. लक्ष्मीपूजनाच्या तांदळात लक्ष्मी लिहिली तर घराचं वाटोळं कसं होईल, ते ह्या जाणकारांना विचारून सांगा."

जाणकार म्हणाले, हा मुद्दा त्यांच्या वाचनात आला नव्हता. वन्सं हट्टी आहेत, पण लबाड नाहीत. ज्याला हात जोडले त्याला नंतर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "नवी आहे ना? वापरलेली पूजेला चालत नाही."

"कोरी करकरीत," मी म्हणाले. "तिच्या आजोबांनी खास तिच्यासाठी आणलेली."

लग्नाच्या आधीच्या रविवारी मुलगी आमच्याकडे आली, नवऱ्या मुलाची शिकवणी घ्यायला. ज्या मुलाला शाळेत मराठी शुद्धलेखनाला कायम लाल रेघा, तो आता ताटात रवा पसरून चिनी केरसुणी काढत होता. ओट्यावर, जमिनीवर, सगळीकडे रवा. ती त्याच्या मनगटावर टिचकी मारून सांगत होती, "आधी केरसुणीच्या काटक्या. मग हात. काळीज शेवटी." मी मनात म्हटलं, हे आम्हाला कोणी चीनहून येऊन शिकवायला नको होतं.

तो फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा ती रव्यावरून हात फिरवत बसली. म्हणाली, "आजोबा असंच शिकवायचे. कवळीचे साचे करायचं प्लास्टर असतं ना, त्याची पूड ट्रेमध्ये पसरायचे आणि माझं बोट धरून हे काढायचे. पेशंट आला की ट्रे हलवायचे, पुसलं जायचं. पेशंट गेला की परत. बाकीची अक्षरं शिकवणार होते. राहून गेलं." तिचे डोळे भरले आणि तिने ते मनगटाने पुसले, मग गालाला रवा लागला.

मी तिला माझ्या ताटाची गोष्ट सांगितली. जाडा तांदूळ, ह्यांचं अक्षर, डबा, दुसऱ्या दिवशीचा भात. मला वाटलं ती हसेल, मी सांगितली होती हसण्यासारखीच. ती म्हणाली, "आणि आधीचं नाव?"

"ते काय, गेलं."

"काय होतं?"

लग्न झाल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी रवा गोळा करत राहिले. मग सांगितलं. लाँचची गोष्टही सांगितली. तिने ते नाव एकदा हळूच म्हणून बघितलं, नवा पदार्थ चाखावा तसं, आणि म्हणाली, "छान आहे. म्हणायला सोपं आहे." मला इतकं बरं वाटलं की मी उठून गॅस उगाचच बारीक केला.

लग्न झालं. संध्याकाळी आमच्या रोडपालीच्या फ्लॅटवर गृहप्रवेश, त्या टीचभर हॉलमध्ये सगळं गोत. वन्संनी उंबऱ्यावर उभं राहून औक्षण केलं आणि सुनेला आत घेतलं, त्यात काही कमी केलं नाही. फक्त आत येताच त्यांनी बायकांना एक बातमी दिली. "आमच्या सुनेच्या चिनी नावाचा अर्थ माहितीय का? लक्ष्मी!" चहा फिरेपर्यंत ती बातमी घरभर झाली. कळंबोलीहून आलेल्या एका मामीने तर ताटाला हात लावून डोळ्यांना लावला. सुनेने माझ्याकडे बघितलं, सांगू का खरं, म्हणून. मी मान हलवली, राहू दे. अक्षरांचे अर्थ असेच तयार होत असणार. हजारो वर्षांपूर्वी तिकडेही कोणाच्या तरी वन्सं असतीलच, त्यांनी जे ठणकावून सांगितलं तेच पुढे पोथीत गेलं असेल.

मुलाने अंगठी हातात घेतली. तांदूळ मी मुद्दाम बारीक कोलम घेतला होता. त्याच्या कपाळावर घाम. दोन जुड्या निघाल्या, हात निघाला, काळजाचे थेंब जरा फिस्कटले पण निघाले. तिने ते बघितलं आणि मग खाली मान घालून रडली, आवाज न करता. आजोबांनंतर ते अक्षर दुसऱ्या कोणाच्या हातून चारचौघांत उमटलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं असावं. वन्संनी ताटाच्या काठाला हळदकुंकू लावलं. पेढे वाटले. मग सासूबाईंनी पाडलेल्या रिवाजाप्रमाणे वन्संनी ताट उचललं, डब्यात ओतायला.

"थांबा ना, आत्या," सून म्हणाली. तिने ताट खाली घेतलं, तळव्याने तांदूळ सारखे केले आणि अंगठी माझ्यासमोर धरली. "आई, आता तुमचं."

मी म्हणाले, काहीतरीच काय. ती हात मागे घेईना. शेवटी मी अंगठी घेतली आणि लिहिलं. अक्षर ह्यांच्यापेक्षा चांगलं आलं. सगळे वाकून बघू लागले तेव्हा हेही पुढे आले, चष्मा वर केला, ताटातलं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कोणाचं नाव?"

वन्संनी तोंडावर हात ठेवला. त्यांना आठवलं होतं. ह्यांना नव्हतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. ते ताट ह्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आणि त्याच वेळी रडूही आलं. लग्नपत्रिकेत ह्यांच्या नावाशेजारी हे नाव छापलेलं होतं, त्याला हळद लावून पत्रिका गावभर वाटली होती ह्या माणसाने.

"आईंचं," सून म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताट उचलून फ्रिजवर नेऊन ठेवलं आणि सांगून टाकलं की ह्याला कोणी हात लावायचा नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. मुलं अजून उठायची होती. हे बाल्कनीत बसले होते. तिथून त्यांचा आवाज आला, कोणत्या तरी बाईला हाक मारत होते. मला वाटलं शेजारची कोणी आली असेल, किंवा ह्यांच्या फोनवर कोणी असेल. कोण बाई सकाळी सकाळी, असं म्हणत मी दुसरा कप भरायला घेतला. परत हाक आली, जरा मोठ्याने, जरा चाचरत. हे कोणाचं नाव घेतायत, असं माझ्या मनात आलं, अगदी ह्याच शब्दांत, आणि माझा हात तिथेच थांबला. गाळण्यातून चहा ओट्यावर सांडत होता.

मग मी ओ दिली. धक्क्यावर द्यायची तशी, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून.